तूट

लोटन अण्णा जिनिंगमध्ये काट्यावर होते.
दिवसभर कापसाच्या गाड्या जोखायच्या,
ओल पाहून तूट लिहायची,
आणि रात्री त्याच पावत्यांच्या पाठीवर गाणी.
माझ्याकडे एक आहे अजून:
एका बाजूला कुणा उखा पाटलाचे
चार क्विंटल सत्तावीस किलो,
दुसऱ्या बाजूला कानबाईचं गाणं,
शेवटची ओळ तीनदा खोडलेली.

शेंदुर्णीहून पीजेनं जायचो आम्ही कार्यक्रमांना.
गाडी इतकी हळू, की उतरून
हरभऱ्याचे डहाळे उपटून
पुन्हा त्याच डब्यात चढता यायचं.
अण्णा रुळांच्या सांध्यांवर नवी चाल बसवत,
आणि मधेच कुठं गाडी उगाच थांबली
की खिडकीतून इंजिनाकडे बघून ओरडत,
"सम खाई गयी व!"

मी अकरा वर्षांची, शिंप्याची पोर.
आवाज बरा, पण ओळीओळीत रडू आणायची खोड.
अण्णांनी एकदाच सांगितलं,
ओला कापूस जड भरतो, कुमुद,
पण भाव चढत नाही त्याला.
आणि माझ्या गाण्यावर तूट लावली,
क्विंटलमागे दोन किलो.
घरी येऊन मी मशीनखाली बसून
उरलीसुरली ओल सांडली.

शिकवणं म्हणावं असं ते नव्हतंच काही.
इरफान पिंजाऱ्याला ठेका द्यायला म्हणून त्याच्या घरी गेले
आणि त्याच्या बापाच्या धनुकलीचा ठेका
स्वतःच घेऊन आले,
तोंडानं वाजवत, बाजारभर.
मी पहिलं गाणं लिहिलं तेव्हा
तळहातावर खरोखर तोललं त्यांनी.
म्हणाले, कागद चांगला आहे.

मग जामनेर. नवरात्र. ट्यूबलाइटभोवती किडे.
दुसऱ्या कडव्यात अण्णा थांबले.
"आते तू म्हन. मी पानी पी येस."
गेले.
दुसरं संपलं, तिसरं संपलं, ते येईनात.
पुढं गाणंच नव्हतं.
मी ध्रुवपद पाच वेळा म्हटलं.
पुढच्या रांगेतला एक आजोबा मोठ्यानं बोलला,
पोरगी अडकली वाटतं, रेकॉर्डसारखी.
सहाव्यांदा म्हणताना मला वाटलं,
अण्णा मागं मेलेच.

इरफानचं असंच झालं, भडगावला.
नंतर आलेल्या सगळ्यांचंच.
आम्ही आपसात म्हणायचो,
म्हाताऱ्याची तहान फार.

जिनिंग बंद पडलं. पीजेही बंद झाली.
अण्णांचे आधी वरचे दात गेले, मग वरचे सूर.
पंचावन्न वर्षं गायलेल्या माणसाला
शाल, नारळ आणि एक स्मृतिचिन्ह मिळालं,
त्यावर नाव: लोचन बडगुजर.
घरी येईपर्यंत हसत होते.
"लोटनना लोचन व्हयना, तेबी चष्मा लागावर."
ते अजून टीव्हीवर आहे, वहिनी त्यावर
औषधाच्या चिठ्ठ्या टोचून ठेवायच्या.

यंदा पहूरला
वसतिगृहातली वनिता बारेला माझ्या शेजारी उभी होती,
माझीच साडी नेसून, पिना लावून आखूड केलेली.
दुसऱ्या कडव्यात माझ्या तोंडून ते वाक्य निघालं.
ठरवलं नव्हतं.
मी पडद्यामागं आले.

तिथं माठ नव्हता. तांब्याही नव्हता.
सतरंज्यांच्या वळकट्या, कुणाच्या चपला,
जनरेटरचा डिझेलचा वास.
त्या रात्री जामनेरलाही हेच असणार,
आणि अण्णा इथंच, असेच,
कोरड्या घशानं मांडीवर ठेका धरून.

मी तिची ओळ जोखत राहिले.
जरा चढी. जरा ओली.
किती कापावी, हे मनात चाललंच होतं,
तर तिसरं कडवं संपलं
आणि ती ध्रुवपदावर आली नाही.

पुढं गेली.
आमच्या गाण्याला चौथं कडवं नाही.